जत्रेत जागा कोणाला?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा बंद पडलेला कारखाना यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी वेगळाच विषय घेतला आहे, आणि चालकांनी तो मान्य केला याबद्दल त्यांचे आभार मानतो. विषय असा : जिथे माणसे बायकामुलांना घेऊन चार घटका करमणुकीला जातात, अशा जागी समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांनी आपला अभिमानाचा दिवस साजरा करावा की नाही? हा वाद मुळात अमेरिकेतला आहे. पण तो आपल्या पाळण्यापाशी, आपल्या रेवड्यांच्या दुकानापाशी येऊन ठेपतो, असे मला वाटते. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम परमुलखातली हकीकत सांगतो. फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने यांच्या नावाचे एक अवाढव्य करमणूक-उद्यान आहे. ते १९७१ मध्ये सुरू झाले. उंदीरमामा, राजकन्या, किल्ले, पाळणे अशी मुलांची मयसभाच म्हणा. १९९१ च्या जून महिन्यात, पहिल्या शनिवारी, सुमारे तीन हजार समलिंगी स्त्रीपुरुष ठरवून तिथे गेले. सभा नाही, भाषण नाही, मिरवणूक नाही. गर्दीत आपला माणूस आपल्याला ओळखता यावा म्हणून सगळ्यांनी तांबडे सदरे घातले होते, एवढेच. रीतसर तिकीट काढून आत गेले आणि इतरांसारखे पाळण्यात बसले. हा दिवस कंपनीने भरवलेला नव्हता आणि कंपनीने अडवलाही नाही. पुढे दरवर्षी ही गर्दी कैक पटींनी वाढत गेली.

मग विरोध सुरू झाला. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या ख्रिस्ती पंथाच्या मोठ्या संघटनेने १९९७ मध्ये डिस्ने कंपनीवर बहिष्कार पुकारला. तो आठ वर्षे चालला आणि २००५ मध्ये मागे घेतला गेला. बहिष्काराच्या कारणांत हा तांबड्या सदऱ्यांचा दिवस होता, तसे आणखी एक कारण होते आणि तिकडे मी आपले लक्ष वेधतो. १९९५ मध्ये कंपनीने असे जाहीर केले होते की, आपल्याकडे काम करणाऱ्या समलिंगी कामगाराच्या जोडीदारालाही आजारपणाच्या विम्याचा लाभ मिळेल. म्हणजे भांडण नुसते झेंड्याचे नव्हते, औषधपाण्याचेही होते.

पुढे पॅरिसजवळच्या डिस्ने उद्यानाने २०१९ मध्ये स्वतःच असा उत्सव भरवला. कॅलिफोर्नियातल्या उद्यानाने २०२३ मध्ये रात्री, नेहमीची वेळ संपल्यावर, वेगळे तिकीट लावून तो केला. म्हणजे तीन पद्धती झाल्या. पहिली, सर्वांच्या दिवशी सर्वांत मिसळून जाणे. दुसरी, मालकाने आपल्या नावाने उत्सव करणे. तिसरी, वेगळी वेळ आणि वेगळे तिकीट. या तीन पद्धती ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गरज लागेल.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या मुलखात डिस्नेचे उद्यान नाही. खोपोलीजवळ २०१३ मध्ये एक मोठे करमणूक-उद्यान निघाले आणि तिकडे शाळांच्या सहली जातात. पण आपले खरे कौटुंबिक करमणूक-उद्यान म्हणजे जत्रा. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, पण जत्रा काही त्या रेषेवर थांबल्या नाहीत. पालीचा खंडोबा, पुसेगावचे सेवागिरी महाराज, म्हसवडचा आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, मांढरदेवची काळूबाई, जतची यल्लम्मा, इथे म्हातारी आईही जाते आणि तान्हे मूलही जाते. देवदर्शन होते, बैलबाजार होतो, आकाशपाळणा फिरतो, रात्री तमाशाचा फड उभा राहतो. जत्रेला फाटक नाही आणि तिकीट नाही, एवढाच काय तो फरक.

आणि या जत्रेत, मित्रहो, ही माणसे आजची नाहीत. जतच्या यल्लम्माच्या जत्रेला गेला असाल तर तुम्ही पाहिले असेल : लुगडे नेसलेला, मळवट भरलेला, डोक्यावर देवीचा जग घेतलेला जोगता चौंडक्याच्या तालावर चालतो आणि आयाबाया आपली पोरे त्याच्या पायांवर घालतात. त्याच्या हातचा भंडारा मुलाच्या कपाळी लागला म्हणजे त्यांना बरे वाटते. तेव्हा मुलांच्या मनावर काय परिणाम होईल, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

रंगभूमीचे पाहा. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. तिथून पुढे कित्येक दशके आपल्या नाटकांत सीता, द्रौपदी, शकुंतला या पुरुषांनीच उभ्या केल्या. पलूस तालुक्यातले नागठाणे हे ज्यांचे गाव, त्या नारायण श्रीपाद राजहंसांनी १९०५ मध्ये मिरजेत शकुंतला रंगवली आणि ते बालगंधर्व म्हणून घरोघर पोहोचले. चांगल्या घरच्या बायकांनी त्यांचे पाहून लुगडे कसे नेसावे आणि अंबाड्यात फूल कसे माळावे हे उचलले. आता कोणी म्हणेल, अहो, ते नाटक होते. नट स्त्रीवेष घेतो म्हणून तो काही या प्रकारातला होत नाही. हे अगदी खरे आहे, आणि मी तसे म्हणतही नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. पुरुष बाईच्या वेषात दिसला की कुटुंब बिघडते, मुले बावचळतात, असे जे आज छातीठोकपणे सांगितले जाते, त्याला आपल्याच मुलखाचा शंभर वर्षांचा अनुभव साक्ष देत नाही. तीन पिढ्यांनी बालगंधर्व पाहिले, तमाशातला नाच्या पाहिला, जोगता पाहिला, आणि त्या पिढ्यांचे संसार जसे व्हायचे तसेच झाले. पाहून कोणी तसा होत नाही आणि न दाखवल्याने कोणी तसा व्हायचा थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी वृत्तीचे नाव रोगांच्या यादीतून काढून टाकले आहे.

पण या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. जत्रेत मान आहे म्हणून आपला समाज उदार आहे, असा निष्कर्ष काढू नका. ज्याच्या पायांवर आपण मूल घालतो, त्याला जत्रा संपल्यावर कोणी खोली भाड्याने देत नाही, कोणी कामाला लावत नाही. त्याने जोगवा मागून खावे हे आपण गृहीतच धरलेले असते. माणसे देवाला सोडण्याच्या रूढीविरुद्ध महाराष्ट्रात कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. नाच्याला टाळ्या मिळाल्या, पण त्या फडाच्या आत. मराठी चित्रपटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील २००८ मध्ये वारले. ते बायकामुले असलेले संसारी गृहस्थ होते. पण पडद्यावरच्या भूमिकेची थट्टा त्यांच्या उंबरठ्याच्या आत शिरली. म्हणजे आपली रीत अशी की सोंग पाहायचे, हसायचे, नमस्कारही करायचा. मात्र त्यामागचा माणूस पंगतीला नको.

अभिमानाचा दिवस निघाला तो नेमक्या याच रीतीविरुद्ध. न्यूयॉर्क शहरात अशा माणसांच्या बसण्याउठण्याचे स्टोनवॉल नावाचे एक मद्यगृह होते. पोलीस तिथे वरचेवर धाड घालीत. २८ जून १९६९ च्या रात्री ती माणसे पळाली नाहीत, उभी राहिली. पुढल्या वर्षी त्या दिवसाच्या आठवणीखातर मोर्चा निघाला. तेव्हापासून जून महिना हा त्यांचा झाला. आपल्या देशात पहिली अशी पदयात्रा कलकत्त्याला १९९९ मध्ये निघाली, आणि तिच्यात जेमतेम पंधरा माणसे होती. मुंबईत २००८ मध्ये आणि पुण्यात २०११ मध्ये त्या सुरू झाल्या.

कामगारांना ही गोष्ट समजायला अवघड नाही. १८८६ मध्ये शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम थांबवले, रक्त सांडले, फाशी गेले. त्यातून १ मे हा दिवस आला. आज त्या दिवशी आपण झेंडा लावतो, पेढे वाटतो, मुलांना घेऊन मिरवणुकीत जातो. जो दिवस लाठी खाऊन मिळतो तो पुढे सणासारखा साजरा होतो, हीच जगाची रीत आहे. अभिमान कसला, असे लोक विचारतात. समलिंगी असण्यात काय पराक्रम आहे? पराक्रम काहीच नाही. कामगार असण्यात तरी काय पराक्रम आहे? पण ज्याला जन्मभर मान खाली घालायला शिकवले, तो एक दिवस मान वर करतो, त्याला अभिमान म्हणायचे.

आता विरोधकांचे म्हणणे नीट ऐकू. ते सगळे दुष्ट आहेत असे मी मानत नाही. त्यांत माझे सभासद आहेत, शेजारी आहेत, भजनी मंडळातले लोक आहेत. त्यांचे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप असा की, आम्ही पोराबाळांना घेऊन दोन घटका गंमत करायला जातो. तिथे असले विषय कशाला? मुलाने विचारले तर काय सांगायचे? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण मूल काय विचारते, ते पाहा. दोन बाप्ये हातात हात घालून चालले आहेत, ते कोण? "ते एकमेकांबरोबर राहतात, बाळ. त्यांची एकमेकांवर माया आहे." एवढ्यावर मुलाचे समाधान होते आणि ते पुन्हा पाळण्याकडे पाहू लागते. अडचण मुलाची नसते, आपली असते. नवराबायकोची जोडी पाहून आपण मुलाला शय्यागृहातल्या गोष्टी समजावून सांगत नाही. मग याच जोडीबाबत आपल्या मनात पहिल्याप्रथम त्याच का याव्यात?

दुसरा आक्षेप सभ्यतेचा. ते अंगप्रदर्शन करतात, अचकटविचकट वागतात, असे म्हणतात. सार्वजनिक जागी, मुलांच्या देखत, काही मर्यादा हवी हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ती मर्यादा वागण्याला असावी, माणसाच्या जातीला नसावी. आपल्या जत्रेत रात्री कर्ण्यावर कोणती गाणी लागतात आणि वरातीत काय नाच चालतो, ते आपली मुले ऐकतात आणि पाहतात. तिथे जी चौकट आपण लावू, तीच इथे लावू; कमी नको आणि जास्तही नको. शिवाय हा वाद त्या समाजाच्या आतही आहे. २०१७ मध्ये पुण्याच्या पदयात्रेच्या संयोजकांनी साध्या, सभ्य पोशाखात या, असे आवाहन केले, तेव्हा त्यांच्याच माणसांत मोठी वादावादी झाली. एक म्हणे, लोकांना बरोबर घ्यायचे तर लोकांना रुचेल असे जाऊ. दुसरा म्हणे, लोकांना रुचेल असे जन्मभर वागलो, एक दिवस तरी मनासारखे वागू द्या. असा वाद मी संघटनेतही ऐकला आहे. मोर्चा शांततेने न्यावा की दणक्यात, यावर आमची माणसे रात्र रात्र भांडतात. वाद घालणारी माणसे आपल्यासारखीच माणसे आहेत, याची ही खूण समजा.

तिसरा आक्षेप हा की, हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे. जोगत्याचे सांगून झाले, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. परदेशातून आले ते वेगळेच आहे. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये घातले आणि ते दीडशे वर्षांहून अधिक काळ या माणसांच्या मानेवर होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते शिथिल केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा कायम केले आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी, संमतीने राहणाऱ्या प्रौढांपुरते, रद्द केले. खूळ म्हणायचे तर त्या कलमाला म्हणा.

आता मघाच्या तीन पद्धतींकडे येऊ. पुष्कळ समंजस माणसे म्हणतात, करा बापडे उत्सव, पण वेगळ्या वेळी करा, वेगळे तिकीट लावा, म्हणजे कोणालाच त्रास नाही. वरवर पाहता तोडगा चांगला दिसतो. त्या माणसांनी आपल्या खुशीने अशी रात्र मागितली तर ती जरूर द्यावी. पण "तुम्ही फक्त त्याच रात्री या" असे आपण म्हणू लागलो की ती वेगळी वेळ वेगळ्या पाणवठ्यासारखी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एक वसतिगृह काढले. सगळी मुले एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. त्या काळी जातीबाहेरच्या पंगतीला मुलगा बसवणे म्हणजे मुलगा हातचा गेला, असे मानणारी घरे थोडी नव्हती. पुढे डॉक्टर बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ केली. तेव्हाही, त्यांना वेगळी विहीर बांधून देऊ, भांडण कशाला, असे म्हणणारे शहाणे होतेच. सातारा-सांगलीच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर नव्याने शिकावे लागू नये.

मालकाने आपल्या नावाने उत्सव करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मी त्या माणसांनाच सावध करीन. इंद्रधनुष्याचा झेंडा आता बाजारात चांगला खपतो. जून महिन्यात दुकाने तो लावतात आणि जुलैत उतरवून ठेवतात. २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या सरकारने प्राथमिक वर्गांत या विषयांवर शिकवण्यास बंदी करणारा कायदा आणला. इतकी वर्षे या गर्दीवर कमावलेली डिस्ने कंपनी आरंभी गप्प राहिली. तिच्याच कामगारांनी निषेध केला, तेव्हा कुठे कंपनी बोलली. म्हणून कोणत्याही मालकाने झेंडा लावला की त्याला आधी विचारावे : तुझ्या हजेरीपटावर ही माणसे किती आहेत? त्यांना गणवेश कोणता देतोस? त्यांनी मुतारीला कुठे जायचे? त्यांचा जोडीदार आजारी पडला तर रजा देतोस का? या प्रश्नांना उत्तरे असतील तर झेंडा खरा, नाहीतर ती जाहिरात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या संघटनेत एका कारखान्यातला पोरगा होता. कारखान्याचे नाव सांगत नाही, पोराचेही नाही. माल भरण्याच्या खात्यात कंत्राटी कामाला होता. चालणे-बोलणे बायकी. सोबतचे त्याला नावे ठेवीत, डबा उघडला की उठून जात. एका शनिवारी कंत्राटदाराने सांगितले, सोमवारपासून येऊ नकोस, तुझ्यामुळे खात्यात गडबड होते. आम्ही गेलो आणि हजेरीपट मागितला. सहा महिन्यांत त्याचा एक खाडा नव्हता, आणि खोकी भरण्यात तो खात्यात पुढे होता. गडबड करणारे दुसरे आणि घरी बसणारा हा, हा कुठला न्याय, एवढेच आम्ही विचारले. आठ दिवसांनी त्याला परत घेतले.

पण पुढे जे ऐकले त्यावर आमच्याजवळ उपाय नव्हता. त्याची आई कचेरीत आली. म्हणाली, "आण्णा, काम मिळालं, लई उपकार झालं. पर जत्रंला पोराला न्यायची सोय न्हाई. पावणं म्हणत्यात, त्याला घरीच ठेवा, पोरीबाळींच्या म्होरं बरं दिसत न्हाई. आमी समदी जातो आन् त्यो घर राखतो."

बंधुभगिनींनो, या सगळ्या वादात 'कुटुंब' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कुटुंबाची जागा, कुटुंबाचे वातावरण, कुटुंबाची करमणूक. ही माऊली कुटुंबाबाहेरची आहे काय? तिच्या पोटचा पोर कुटुंबाबाहेरचा आहे काय? ही माणसे आकाशातून पडलेली नाहीत. ती आपल्याच घरांत जन्मली. कोणाचा भाचा, कोणाची नणंद, कोणाचा धाकटा दीर. एका बाजूला कुटुंबे आणि दुसऱ्या बाजूला ही माणसे, अशी मांडणीच मुळात खोटी आहे. कुटुंबाची जागा राखायची म्हणून आपण ज्याला घरी बसवतो, तो कुटुंबातलाच असतो. त्या तीन हजारांनी तांबडे सदरे घालून दुसरे काय सांगितले? आम्हीही कोणाची तरी लेकरे आहोत, आम्हालाही पाळण्यात बसायचे आहे, एवढेच.

आणि बरोबर आलेल्या माणसाचे ओझे होत नाही, उलट बळ वाढते, याचा एक दाखला कामगार चळवळीतलाच देतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत आपल्या सातारा-सांगलीची माणसे किती होती, ते या सभागृहातल्या वयस्कर मंडळींना विचारा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ च्या मार्चमध्ये, इंग्लंडचे कोळसा खाण कामगार संपावर गेले. सरकारने त्यांना उपाशी पाडले. तेव्हा लंडनच्या समलिंगी तरुण-तरुणींनी एक गट केला आणि रस्त्यावर डबे घेऊन उभे राहून दक्षिण वेल्सच्या डुलाइस खोऱ्यातल्या खाणकामगारांसाठी वर्गणी जमवली. त्यांचे म्हणणे साधे होते : पोलिसांची लाठी कशी लागते ते आम्हाला ठाऊक आहे. खाणकामगार म्हणजे रांगडी, चर्चला जाणारी, बायकापोरे असलेली माणसे. आधी ती बिचकली. मग त्या पाहुण्यांना त्यांनी आपल्या क्लबात नेले, घरी मुक्कामाला ठेवले. संप १९८५ च्या मार्चमध्ये मोडला. पण त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला अभिमानाची पदयात्रा निघाली तेव्हा वेल्सचे खाणकामगार आपापले बावटे घेऊन तिच्या अग्रभागी चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात या माणसांच्या हक्कांचा ठराव झाला आणि खाणकामगार संघटनेने आपली मते त्याच्या बाजूला टाकली. मला वाटते, अभिमानाच्या दिवसाचा एवढा कौटुंबिक प्रसंग दुसरा नसेल.

आपल्याकडेही हे घडू शकते, नव्हे घडते आहे. सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था काम करते आणि तिच्या साहाय्याने १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्यांना कोणी उंबऱ्याशी उभे करीत नव्हते त्या बायांनी आपली संघटना केली. त्यांच्या जोडीने पुरुष आणि तृतीयपंथी यांचीही 'मुस्कान' नावाची संघटना झाली. शेजारच्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट मतदानाने सरपंच केले. ते काही शिकलेले, फॅशनेबल शहर नव्हे. गावाने माणूस पाहिला, काम पाहिले आणि मत दिले.

मग करायचे काय? माझ्या मागण्या फार नाहीत. यात्रा कमिट्यांनी सभ्यतेचे नियम जरूर करावेत, पण ते सर्वांना सारखे असावेत. माणूस कसा चालतो, काय नेसतो, कोणाबरोबर आला आहे, यावरून त्याला कोणी छेडले तर छेडणाऱ्याला बाहेर काढावे, छेडलेल्याला नव्हे. या माणसांनी जत्रेत आपला झेंडा लावून पाळण्यात बसायचे ठरवले तर बसू द्यावे. ज्याला पाहायचे नाही त्याने पाहू नये. त्यालाही कोणी जबरदस्ती करू नये. कारखान्यांत संघटनांनी या माणसांना सभासद करून घ्यावे आणि त्यांचे प्रश्न वाटाघाटीच्या कागदावर आणावेत. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर कुटुंब म्हणजे नवराबायको, मुले आणि आईबाप. पंधरा वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार तिथे बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला नाही. तरी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कळवले आहे की रेशनकार्डावर अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावे, आणि त्यांनी बँकेत संयुक्त खाते काढायला व एकमेकांना वारस नेमायला हरकत नाही. ही माहिती किती रेशन दुकानदारांना आहे? किती बँकांच्या खिडक्यांवर ती पोहोचली आहे? संघटनेच्या कार्यकर्त्याला याहून चांगले काम कोणते?

त्या समाजातल्या माझ्या मित्रांनाही एक विनंती आहे. एका दिवसाच्या मानावर समाधान मानू नका. जोगत्याला तो शतकानुशतके मिळाला आणि पोट मात्र रिकामेच राहिले. अभिमानाचा दिवस हवाच, पण त्याच्या मागे कामाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस उभे करा. त्या कामात कामगार संघटना तुमच्याबरोबर येईल, आणि ती आली नाही तर तिच्या दारात येऊन भांडा.

विषय अवघड होता. काहींना माझे म्हणणे पटले नसेल; त्यांनी सभा संपल्यावर जरूर भेटावे, आपण बसून बोलू. पण पुढच्या जत्रेला घरातून निघताना एवढे मात्र मोजा की, आपल्या घरची सगळी माणसे गाडीत आली आहेत ना. आणि कोणी घर राखायला मागे राहिले असेल, तर का राहिले.